पोटातला दगड

त्रिशला मगदूमच्या पोटात दगड आहे, हे कसबे डिग्रजच्या त्या गल्लीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि तो नाही, हेही ठाऊक होतं. बाविसाव्या वर्षी ती शेजारी ताक प्यायला गेली आणि घरी येऊन आईला म्हणाली, "मला ताकातनं दगड पाजलाय." आई हसली. महिन्याभरात आईचं हसू आटलं, कारण लेक जेवेना, पोटावर हात दाबून कोपऱ्यात बसून राही आणि दगड रोज जड होतोय म्हणून सांगे. आधी देवऋषी झाला, मग महाराजांचं दर्शन झालं, मग सांगलीचा डॉक्टर. सोनोग्राफी केली, पोट लख्ख. पुढं आणखी दोनदा केली. दगडबिगड काही नव्हतं.

दगडामागोमाग आवाज आला. एसटी स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या बाईचा आवाज, आणि बाई मोठी अदबशीर. "कृपया लक्ष द्या. त्रिशला मगदूम खोटं बोलत आहेत. कृपया कोणीही त्यांच्यावर विश्वास ठेवू नये." माणसानं शिवी दिली तर उलट शिवी हासडता येते, इतक्या अदबीनं बोलणारीला काय म्हणणार? ठरलेलं लग्न मोडलं. आई झुरून गेली. धाकटा भाऊ जयपाल शाळेत मारामाऱ्या करत मोठा झाला, कारण पोरं त्याला 'दगडीचा भाऊ' म्हणायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी ती बाई जरा लांब गेली, पण स्टँड सोडून गेली नाही.

वीस वर्षं अशी गेली. मग 'साक्षी' आली.

आता ही साक्षी काय चीज होती ते सांगायला हवं. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू स्वतःच्याच ऐकण्याच्या भागाला आधी वर्दी देतो, की हे आपलंच आहे, दचकू नको. ही वर्दी ज्याच्या मेंदूत चुकते त्याला स्वतःचाच विचार परक्या माणसाच्या आवाजासारखा ऐकू येतो. साक्षी ही कानामागं बसणारी चिंचोक्याएवढी डबी. तिचा एक कान बाहेर, एक आत. बाहेर खरोखर आवाज होतोय का ते ती ऐकायची, आणि मेंदूचा ऐकण्याचा भाग जागा झालाय का तेही बघायची. आत गलका आणि बाहेर सामसूम असं दिसलं, की गळ्याच्या हाडावर दोन हलके ठोके द्यायची. म्हणजे, बाई, हे बाहेरचं नाही.

नुसत्या आवाजानं भागेना, तेव्हा दुसरी आवृत्ती निघाली. कुणाच्या अंगावर मुंग्या चालत, कुणाला पाठीवर हात फिरल्यासारखा वाटे. म्हणून पोटावर, पाठीवर, दंडांवर आणि मनगटांवर रुपयाएवढ्या चकत्या चिकटवायच्या. कातडीला कुणी शिवलं तर चकतीला कळणार; कुणी शिवलं नाही आणि मेंदू तरीही 'आहे, आहे' म्हणाला, तर ठोका. त्यातही ज्याचा जो जुना भास, तो यंत्राला मुद्दाम शिकवला जाई. त्रिशलाला खुर्चीत बसवून सांगितलं होतं, "तो दगड आठवा. कुठं आहे, किती जड आहे, नीट मनात आणा." तिनं आणला. साक्षीनं तो पाठ केला. पोटाच्या आत मात्र चकती चिकटवता येत नाही, ही गोष्ट हे यंत्र करणाऱ्या हुशार माणसांना माहीत नव्हती असं कोण म्हणेल? माहीत होती. पण जगभर लाखो माणसं गोळ्या कमी करून कामाला लागत होती, घरोघरी आनंदीआनंद होता; अशा वेळी नाक मुरडणाऱ्याचं कोण ऐकतो.

त्रिशलाचंही सोनं झालं, हे कबूल करायलाच हवं. मिरज रस्त्यावरच्या 'उभारी' या पुनर्वसन केंद्रात ती राहायला आली. केंद्राच्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांवर नावं घातली जायची. लेझरनं क्षणात नाव उठतं, तरी लग्नातल्या आहेराला लोकांना हातानं घातलेलं अक्षर लागतं, आणि त्रिशलाचं अक्षर देखणं होतं. 'चि. सौ. कां.' घालताना ती 'सौ'वर असा काही झोक द्यायची, की गिऱ्हाइकं तिलाच विचारत यायची. केंद्राचा एक रिवाज होता: ठोका पडला, की मोठ्यानं "सोडलं" म्हणायचं आणि हातातलं काम पुढं चालू ठेवायचं. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला गंमत वाटायची. कुणी पापड लाटताना "सोडलं" म्हणतंय, कुणी झाडताना. या रिवाजात त्रिशला सगळ्यांत पुढं. नव्या माणसांना शिकवायलाही डॉ. सरनोबत बाई तिलाच पाठवायच्या.

"घाबरायचं नाही," ती सांगायची. "ठोका पडला म्हणजे ते खोटं. खोट्याशी वाद घालत बसलं की ते मोठं होतं. सोडलं म्हणायचं, झालं."

दिवाळीनंतर तिला केंद्राबाहेर खोली मिळणार होती. दोन खोल्या, स्वतःची चावी, स्वयंपाकाचा ओटा. सोबतीला बानू मुजावर. बानू मिरजेची, लाडू वळावेत तशा एकामागून एक गोष्टी सांगायची. तिला मेलेल्या नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा. शिवाय साखरेचा आजार होता आणि त्यात डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. "पायाला आग होतेय म्हणून बोंबलत होते," ती सांगायची, "तर म्हणे भास आहे. बोटं कापली तेव्हा भास गेला." आणि स्वतःच हसायची. खोलीसाठी अट एकच, की तोवर दोघींनी ठोक्यांशी भांडायचं नाही. जे साक्षीला मानतात तेच बाहेर एकटे राहू शकतात, असा तिथला हिशेब होता, आणि एरवी तो चुकीचाही नव्हता.

पावसाळ्यात त्रिशलाच्या पोटात जड वाटायला लागलं. उजवीकडं, खाली. तीच जागा.

ठोका पडला. "सोडलं," ती म्हणाली आणि कळशीवर नाव घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. तिला भीती वाटली ती दुखण्याची नाही, जुन्या दिवसांची. पुन्हा तो कोपरा, पुन्हा आईसारखं कुणाचं तरी झुरणं. ती आणखी जोरानं "सोडलं" म्हणायला लागली. पर्युषणात तिनं दहाही दिवस एकभुक्त राहायचं ठरवलं, आणि उपवास इतका सोपा गेला की तिचं तिलाच नवल वाटलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. केंद्रात सगळ्यांनी कौतुक केलं. जयपालची बायको म्हणाली, "अक्का, तुमची तपश्चर्या मोठी." खरं तर ती तपश्चर्या नव्हतीच. पण देवाधर्माच्या नावाखाली माणूस वाळत गेलं, की आपल्याकडं कुणी शंका घेत नाही. उलट पाया पडतात.

जयपाल दर रविवारी यायचा. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून दुपारीच डबा घेऊन यायचा. साक्षी आल्यापासून भावाचं बहिणीवर प्रेम जडलं म्हटलं तरी चालेल. आधी तो तिला भ्यायचा. ती बोलली की कुठलं खरं, कुठलं खोटं, हे त्याला कळायचं नाही. आता त्याच्या फोनवर तिचे ठोके दिसायचे. बोलता बोलता तो हळूच फोनकडं बघायचा, आणि ठोका नसला की मनापासून ऐकायचा.

"जयपाल," त्या रविवारी ती म्हणाली, "पोटात दुखतंय रे. हे निराळं वाटतंय."

त्यानं फोन बघितला. "ठोका पडलाय, अक्का."

"पडलाय. मला पण कळला. पण पूर्वी दगड नुसता जड असायचा. आता रात्रंदिवस आत कुणीतरी पिळल्यासारखं होतंय."

"अक्का, किती कष्टानं इथवर आलीस." त्यानं फोन उलटा ठेवला. "दिवाळीनंतर खोली मिळणार. आता परत त्या दगडाच्या नादी लागू नकोस. हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले. धाकट्या भावानं असे हात जोडल्यावर ती काय बोलणार? "सोडलं," ती म्हणाली, आणि त्यानं तिच्या पानात शिरा वाढला.

डॉ. सरनोबत वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्यांनी त्रिशलाला समोर बसवून नीट ऐकलं, पडद्यावरचे ठोके पाहिले, जुन्या तीन सोनोग्राफ्यांची आठवण दिली आणि म्हणाल्या, "त्रिशलाताई, घर बदलायचं म्हटलं की मन हलतं. जुनी भीती जुन्याच जागी येते. थोडी गोळी वाढवू या." गोळी वाढली. झोप वाढली. दुखणं होतं तिथंच राहिलं.

दिवाळी तोंडावर आली होती. दुपारी कारखान्यामागच्या खोलीत त्रिशला साडी नेसत होती आणि निऱ्या काही केल्या बसेनात. बानू दारात उभी राहून बघत होती.

"परकराची नाडी कुठं बांधलीस गं? छातीला?"

"खाली रुततेय."

"हात कसले झालेत बघ, काड्या. आणि पोट तेवढं पुढं." बानू जवळ आली. "लावू का हात?"

त्रिशलानं मान डोलावली. बानूनं तळवा ठेवला, मग बोटं दाबली. जरा बाजूला सरकवली, पुन्हा दाबली. तिचा चेहरा उतरला.

"टणक आहे," ती म्हणाली. "नारळाएवढं आहे गं."

"दगड," त्रिशला पुटपुटली आणि तिला हसू आलं. "आता तुला पण लागला."

"थांब, हसू नको." बानूनं हात काढला नाही. ती काहीतरी मोजल्यासारखी स्तब्ध उभी होती. "त्रिशला, मला ठोका पडला नाही."

"म्हणजे?"

"अगं, तुझ्या पोटात आत काय आहे ते तुझ्या साक्षीला कळत नाही. मान्य. पण माझी बोटं तर बाहेर आहेत ना, मनगटाला चकती आहे ना? माझ्या बोटांना जे लागलं ते खोटं असतं, तर माझ्या साक्षीनं मला ठोका दिला असता. दिला नाही. ती गप्प आहे." तिनं पुन्हा दाबून पाहिलं. "अजून गप्प आहे."

त्रिशला मटकन खाटेवर बसली. आपल्या पोटात खरंच काहीतरी आहे, हे कळून माणसाला आनंद व्हावा ही केवढी मोठी शिक्षा. पण तिला क्षणभर आनंदच झाला. आपण खोटं बोलत नव्हतो.

दोघी तशाच डॉ. सरनोबतांकडं गेल्या. बानूनं सगळं सांगितलं, बोटांचं, गप्प राहिलेल्या साक्षीचं. डॉक्टरांनी ऐकलं, पण ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची, मायेची काळजी पसरली. त्रिशलाला ती चांगली माहीत होती. त्या पोटाला हात लावायला उठल्या नाहीत.

"दोन जिवलग माणसं एकत्र राहिली, की एकीची भीती दुसरीला लागते," त्या म्हणाल्या. "तुमची चूक नाही यात. पण खोलीचं जरा पुढं ढकलू या. आणि काही दिवस तुम्ही दोघी वेगवेगळ्या झोपा."

बाहेर आल्यावर बानू भिंतीला टेकून म्हणाली, "माझ्या पायाच्या बोटांचं जे झालं तेच हे. जा तू. मिरजेला जा, मोठ्या दवाखान्यात."

"तिथं पण पडद्यावर ठोके दिसणारच."

"साक्षी असली तर दिसणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कळशा पोचवायचं काम मागून घेऊन त्रिशला मिरजेच्या रिक्षात बसली. वाटेत तिनं कानामागची डबी काढली, चकत्या सोलून काढल्या आणि रुमालात बांधल्या. मिरज यायच्या आत स्टँडवरची बाई हजर झाली. "कृपया लक्ष द्या. त्रिशला मगदूम यांना दवाखान्यात जाण्याची परवानगी नाही. कृपया त्यांनी इथेच उतरावे." एवढ्या दिवसांनी तो आवाज ऐकून तिच्या तळव्यांना घाम फुटला. ती उतरली नाही.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "आधीचा काही आजार? बीपी, शुगर, मानसिक?"

"नाही," त्रिशला म्हणाली. जन्मात तिनं जाणूनबुजून खोटं सांगितलं ते हे एवढंच, आणि त्याच्यावर सगळ्यांनी चटकन विश्वास ठेवला.

रांगेत ती दुपारपर्यंत बसली. बाई एकामागून एक सूचना देत होती. त्रिशलानं ओठ आवळून धरले होते, चुकून उत्तर जाऊ नये म्हणून. शेजारची म्हातारी म्हणाली, "लई दुखतंय का गं लेकी?" आणि तिनं नुसती मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याचा तिला भरवसा नव्हता.

तपासणारा डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं पोटावर हात ठेवला, दाबला आणि बोलायचा थांबला. मग उठून मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनीही दाबून पाहिलं. कसला पडदा नाही, कसला ठोका नाही. दोन हात आणि एक पोट, एवढ्यावर काम झालं.

"इतके दिवस काय करत होता?" त्या जरा रागानंच म्हणाल्या.

"कामात होते," त्रिशला म्हणाली.

सोनोग्राफी झाली, पोटातलं पाणी काढून तपासायला गेलं. अंडाशयाची गाठ होती. ती आता एका जागी राहिली नव्हती, पोटभर पसरली होती. उन्हाळ्यात, निदान पावसाळ्याच्या सुरुवातीला आला असता तर ऑपरेशनचा उपयोग होता, असं त्यांनी जयपालला बोलावून सांगितलं. आता औषधं देऊ, पाणी काढत राहू, त्रास कमी करू. जयपालला 'त्रास कमी करू' याचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. कळला तेव्हा तो जिन्यात जाऊन बसला.

वर आला तो चिडूनच. माणसाला रडू येत नसलं की राग येतो. "साक्षी काढून टाकलीस? मला न सांगता? रस्त्यात काही झालं असतं तर?"

"सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"शिरा आणला होतास तेव्हा."

जयपालनं खाली बघितलं. मग म्हणाला, "मी तुला खोटी कधी म्हटलं नाही, अक्का."

"नाही म्हटलंस. पण मी बोलत होते आणि तू फोनात बघत होतास."

डॉ. सरनोबत संध्याकाळी आल्या. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि उगाच चादर नीट करत राहिल्या. त्यांनी माफी मागितली. ती मनापासून होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता. साक्षी परत लावावी असं त्यांचं मत पडलं. आवाजांनी ती थकून जाईल, औषधं सोसणार नाहीत.

"मग दुखलं की परत ठोका पडेल," त्रिशला म्हणाली.

"पोटाचा भाग तेवढा बंद करता येत नाही. मी कंपनीला लिहिलंय. पुढच्या आवृत्तीत करतो म्हणालेत."

"पुढची आवृत्ती कधी?"

डॉक्टर पुन्हा चादर नीट करायला लागल्या. त्रिशलाला त्यांची दया आली. तिला स्वतःचीही आली. इतकी वर्षं तिला दोनच गोष्टी हव्या होत्या, डोक्यात शांतता आणि आपलं कुणीतरी ऐकून घेणं; आणि आता सांगत होते की दोन्हींतली एकच मिळेल.

"राहू दे," ती म्हणाली. "बाईला बोलू दे. मला तिची सवय आहे."

आणि बाई बोलत राहिली. सलाइन लावताना, उलट्या होताना, बानू लंगडत भेटायला आली आणि खोलीच्या ओट्याबद्दल बोलता बोलता रडायला लागली तेव्हाही. त्रिशला थकत गेली. कधी तिचे ओठ हलायचे, कधी ती कोपऱ्याकडं बघून "गप्प बसा हो" म्हणायची. व्हायचं तेच झालं. डॉ. सरनोबतांनी आजाराचं नाव सांगणं भागच होतं, नाहीतर गोळ्यांची गल्लत झाली असती. ते नाव पलंगाच्या पायथ्याशी लागलं आणि वॉर्डाची वागणूक बदलली. वाईट कुणी वागलं नाही. आवाज मात्र सगळ्यांनी लहान मुलाशी बोलावा तसा केला, आणि तिच्याबद्दलचे प्रश्न जयपालला विचारायला लागले.

एका दुपारी दुखणं उसळलं. त्रिशलानं पलंगाची कड धरली. जयपालनं धावत जाऊन सिस्टरला आणलं. सिस्टर नवी होती. तिनं पायथ्याशी लिहिलेलं वाचलं, त्रिशलाच्या हलणाऱ्या ओठांकडं पाहिलं आणि जयपालला बाजूला घेतलं, तरी ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर.

"इंजेक्शन जोराचं आहे, सारखं देता येत नाही," ती म्हणाली. "यांना खरंच दुखतंय, की तसं वाटतंय? तुम्ही घरचे, तुम्हाला कळत असेल."

जयपाल अक्काकडं बघत राहिला. तिच्या कपाळावर घाम होता. त्याला काहीही कळत नव्हतं; कधीच कळलं नव्हतं, आणि कळतं असं समजून त्यानं पावसाळा घालवला होता.

"मला काय विचारताय, सिस्टर?" तो म्हणाला. "ती जागी आहे. तिला विचारा."

सिस्टर घुटमळली. मग ती पलंगाजवळ आली, वाकली आणि विचारलं, "कुठं दुखतंय, ताई?"

त्रिशलानं आधी तिच्याकडं, मग भावाकडं बघितलं. सांगायचं खूप होतं आणि दम थोडा होता, म्हणून दुखणं कुठं आहे तेवढंच ती नेमकं बोलली, आणि सिस्टर इंजेक्शन आणायला गेली.